लष्करची शिदोरी

ग्वाल्हेरच्या ज्या भागात आपल्या समाजाची जुनी घरे आहेत त्याला 'लष्कर' म्हणतात. रोज तोंडी असल्यामुळे ह्या नावाचा अर्थ आपल्या ध्यानातही येत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस कायमची स्थिरावली. राहुट्यांच्या जागी हळूहळू वाडे उभे राहिले, छावणीच्या बाजाराच्या पेठा झाल्या, आणि गाव वसले तरी नाव छावणीचेच राहिले. म्हणजे हे शहर मुळात एक मुक्काम आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे कूच व्हावयाचे ते झाले नाही, इतकेच. अशा गावातील माणसांना शिदोरी कशी बांधावी हे कोणी सांगावे लागू नये. परंतु ते सांगण्याची वेळ आली आहे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपली तरुण मुलेमुली आता पायी भटकावयास जातात ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. कोणी हिवाळ्याच्या सुट्टीत पढावली, बटेश्वर आणि मितावलीची देवळे पायी पाहून येतात, कोणी नरवरचा किल्ला चढतात, कोणी उत्तराखंडात चार-पाच दिवस डोंगर चढून येतात. त्यासाठी सॅक, बूट, झोपण्याची पिशवी ही सारी खरेदी महिनाभर चालते, त्यांची वजने ग्रॅमपर्यंत तोलून पाहिली जातात. जेवणाचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या संध्याकाळी होतो, आणि तो नूडल्सची दहा पाकिटे व बिस्किटांचे पुडे ह्यांपाशी संपतो. काही बरोबर देऊ का, असे आमच्या भाच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, वाटेत सगळं मिळतं हल्ली." वाटेत सगळे मिळते ही समजूत फार जुनी आहे, आणि ती किती महाग पडते हे आपल्या इतिहासाला चांगले ठाऊक आहे.

शिंद्यांची छावणी फिरती होती तेव्हा तिच्याबरोबर तिचा बाजारही फिरत असे. १८०९ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटाच्या रक्षकदलाचा अधिकारी म्हणून ह्या छावणीबरोबर राहिलेल्या टॉमस ब्रॉटनने आपली पत्रे १८१३ साली लंडनमध्ये छापली. छावणीच्या दैनंदिन जीवनाचे, तिच्या सणावारांचे व बाजाराचे वर्णन त्यांत आढळते. अशा लष्करांना धान्य आणि मीठ पुरविण्याचे काम वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे करीत. तांडे येत राहिले तोवर फौज चालत राही. ते थांबले की तलवारीचा उपयोग उरत नसे. पानिपतावर हेच घडले. डिसेंबर १७६० मध्ये रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, उत्तरेकडून व दक्षिणेकडून वाटा तुटल्या, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी आपले सैन्य रणांगणात उतरले ते उपाशी पोटी. त्या लढाईतून महादजी शिंदे पायाने जायबंदी होऊन वाचले. ज्या घराण्याच्या आश्रयाने आपण येथे आलो त्याला भुकेचा हा धडा घरातच मिळाला होता.

फौजेची रसद बैलांच्या पाठीवर असे. एकट्यादुकट्या वाटसरूला मात्र सारे आपल्याच खांद्यावर घ्यावे लागे. ग्वाल्हेरकडे पायी आलेल्या मराठी माणसांपैकी विष्णुभट गोडसे ह्यांचे नाव सर्वांना परिचित आहे. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून १८५७ च्या आरंभी चुलत्यांबरोबर घराबाहेर पडला. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे एवढाच हेतू होता. वाटेतच बंडाची वार्ता कानी आली. पुढे ग्वाल्हेर, झांशी, काल्पी असा प्रवास घडला. झांशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, आणि मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. ही सारी हकीकत त्यांनी लिहून ठेवली आणि चिंतामण विनायक वैद्यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' ह्या नावाने प्रसिद्ध केली. ते पुस्तक आपण बंडाची साक्ष म्हणून वाचतो. परंतु ह्या प्रवासाचा नकाशा समोर ठेवून एक साधा प्रश्न विचारून पाहावा: कोकणच्या भातावर वाढलेला माणूस सातपुडा ओलांडून गहू-हरभऱ्याच्या मुलखात येतो, त्याला सोवळे पाळावयाचे असते आणि परक्याच्या हातचे चालत नसते, तो चालता चालता खातो काय?

त्या काळच्या रीतीत ह्या प्रश्नाला दोन उत्तरे होती, आणि मराठीने त्यांना दोन वेगळे शब्द दिले आहेत. एक शिधा आणि दुसरी शिदोरी. शिधा म्हणजे कोरडे, न शिजवलेले धान्य, पीठ, डाळ, मीठ, तूप; मुक्कामाला पोहोचल्यावर चूल मांडून ते शिजवावयाचे. शिदोरी म्हणजे घरून तयार करून फडक्यात बांधलेले अन्न. ते वाटेत, झाडाखाली, चुलीवाचून खावयाचे. आजच्या पदभ्रमणातही हेच दोन भाग करावे लागतात, आणि ज्याने ते निघण्यापूर्वी वेगळे केले नाहीत त्याची भर दुपारी उन्हात चूल पेटविण्याची किंवा रात्री थंडीत कोरडे बिस्किट चघळण्याची पाळी येते.

शिदोरीचा नियम सोवळ्याने घालून दिला, असे म्हटले तर नव्या पिढीला नवल वाटेल. पाण्यात शिजलेले किंवा पाण्यात भिजवून भाजलेले अन्न ते खरकटे, ते घरच्या चौकटीबाहेर नेता येत नसे. म्हणून प्रवासासाठी पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करीत. दुधातली दशमी खरकटी मानली जात नसे. इकडे उत्तरेत हाच भेद 'कच्ची रसोई' आणि 'पक्की रसोई' ह्या नावांनी चालत आला. पाण्यात शिजवलेली ती कच्ची. तुपात तळलेली पुरी-कचोरी ती पक्की, ती प्रवासात चालते. दोन्ही मुलखांनी धर्माच्या भाषेत एकच गोष्ट सांगितली, ती अशी की घरून पाणी घेऊन निघालेले अन्न फार दूर जात नाही. भाजीभाकरीला उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास येतो, दशमी तीन-चार दिवस टिकते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी दोन्ही नियम उचलले. आमच्या सासूबाईंच्या डब्यात खाली दशम्या असत आणि वर मोहन घालून लाटलेल्या कडक पुऱ्या. लोणचे हिंगाचे असे, पण त्यात बडीशेप इकडची.

ही मिश्र शिदोरी आमच्या पिढीने पाहिली ती मुख्यतः छोट्या गाडीत. ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा दोन फुटी रुळांचा मार्ग. रुंद रुळांसाठी ती गाडी २०२० मध्ये बंद झाली; आता टप्प्याटप्प्याने मोठी गाडी त्या वाटेने जाऊ लागली आहे. त्या छोट्या गाडीला दिवसाचा दिवस लागे आणि तिला खानपानाचा डबा नव्हता. गंमत अशी की ज्या माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत हे छोटे रूळ दूरवर पसरले, त्यांच्याच जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरत असे आणि पाहुण्यांपुढे पेये व सिगार आणून उभी राही. महाराजांच्या मेजावर गाडी जेवणाला पाहुण्यांकडे नेई. रयतेच्या गाडीत रयत आपले जेवण मांडीवर घेऊन बसे. ह्यात तक्रार नाही. त्या मांडीवरच्या डब्यांनीच आपल्याला आठ-दहा तासांच्या उन्हात न बिघडणारे अन्न कसे करावे हे शिकविले.

त्या शिकवणीचे सार एका वाक्यात सांगता येईल: पाणी घरी ठेवावे आणि चव बरोबर न्यावी. अन्न नासविणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला ओलावा लागतो. तो भाजून, वाळवून, तळून काढून टाकला किंवा मीठ आणि साखर ह्यांनी धरून ठेवला, की अन्न टिकते. गुळपोळी आठ-पंधरा दिवस राहते आणि पुरणपोळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, ह्याचे कारण एवढेच की पुरणाची डाळ पाण्यात शिजलेली असते आणि गुळपोळीच्या सारणात भाजलेले तीळ, बेसन व गूळ ह्यांखेरीज काही नसते. पाणी काढण्याचा दुसरा लाभ पाठीला होतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. शिजवलेल्या भातात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. तो भात उचलून नेणे म्हणजे झऱ्याकडे जाताना झरा पाठीवर नेणे होय. जगभरच्या वाटसरूंनी हे ओळखले. तिबेटी लोक भाजलेल्या सातूचे त्साम्पा नेतात, मेक्सिकोत भाजलेल्या मक्याचे पीठ नेतात, आपण सातूचे पीठ नेतो आणि इकडचे लोक भाजलेल्या हरभऱ्याचा सत्तू. ह्या साऱ्यांत धान्य आधीच भाजून तयार झालेले असते. वाटेत त्यास पाणी दाखविले की जेवण झाले.

डोंगरावर ह्याचे महत्त्व आणखी वाढते. आमचा भाचा उत्तराखंडातून परतला तेव्हा त्याची मुख्य तक्रार डाळीविषयी होती. तिसऱ्या मुक्कामावर त्यांनी तुरीची डाळ शिजत टाकली, दोन तास स्टोव्ह पेटता ठेवला, इंधन संपत आले तरी दाणा टणकच राहिला, आणि शेवटी सर्वांनी ती अर्धी कच्ची गिळली. ह्यात डाळीचा दोष नव्हता. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळते. ३,००० मीटरवर ते सुमारे ९० अंशांनाच उकळू लागते. मग कितीही उकळले तरी ते त्याहून तापत नाही. अशा ठिकाणी जाड पोहे, भाजलेला रवा, घरी भाजून घेतलेली मूगडाळ आणि बारीक तांदूळ हीच खरी सोबती. तुरीची डाळ न्यावयाचीच तर लहान प्रेशर कुकर न्यावा लागेल, आणि त्याचे वजन कोणाच्या तरी पाठीवर बसेल.

आता चवीकडे वळू. सलग तीन दिवस चालल्यावर माणसाची भूक मरते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. थकव्याने आणि थंडीने तोंडाला चव राहत नाही. नुसता गोड आणि पिठूळ आहार नकोसा होतो. माणूस कमी खातो आणि चौथ्या दिवशी पाय उचलत नाहीत. तेव्हा मसाल्याची पुडी ही चैनीची गोष्ट नाही. पोटात अन्न जाण्यासाठी ती न्यावयाची असते. वजन नगण्य, उपयोग मोठा. घरचा मिसळणाचा डबा उचलून नेण्याची मात्र गरज नाही. मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्ता तुपात खमंग परतून ती फोडणी थंड करावी व घट्ट झाकणाच्या लहान डबीत भरावी. रात्री खिचडीत एक चमचा टाकली की घर आठवते. कढीपत्ता मात्र परतताना पूर्ण कुरकुरीत व्हावा, ओला राहू नये. गोडा मसाला, तिखट आणि मीठ खिचडीच्या तांदूळ-डाळीतच मापाने मिसळून प्रत्येक रात्रीची पुडी वेगळी बांधावी आणि तीवर वार लिहावा. आंबटपणासाठी चिंचेचा कोळ करीत बसू नये. कोकणच्या आमसुलाची जागा इकडच्या आमचुराने घ्यावी, ते कोरडे आणि हलके असते. मेतकूट हे तर एकट्याने चार कामे करते: भातावर, सातूत, दशमीबरोबर, किंवा दह्याची सोय झाल्यास त्यात कालवून.

चटण्यांत तीळ आणि शेंगदाणा ह्या चांगल्या. खोबरे आणि जवस ह्यांतील तेल हवा व उष्णता लागून लवकर खवट होते. जवस तर कुटल्यापासूनच उतरू लागतो, म्हणून त्याची चटणी निघण्याच्या आदल्या दिवशी कुटावी आणि पहिल्या दोन दिवसांत संपवावी. गोडासाठी आपल्या दाराशीच मुरैना आहे; तिथल्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तीळ आणि गूळ कुटून केलेली गजक हिवाळी चालीसाठी उत्तम. पावसाळ्यात ओल धरून ती मऊ पडते, तेव्हा मात्र तिच्याऐवजी खारे शेंगदाणे न्यावेत.

हिशेब करावयाचा झाल्यास एका माणसाला एका दिवसासाठी पुढील प्रमाण पुरते. सकाळी सातूचे पीठ १०० ग्रॅम आणि गूळ ४०. दुपारी दशम्या किंवा गुळपोळ्या २०० आणि त्याबरोबर चटणी ३०. चालता चालता गजक अथवा चिक्की ६०. रात्री तांदूळ १००, मूगडाळ ५० आणि तूप २५. एकूण ६०५ ग्रॅम झाले, आणि त्यांतून सुमारे २,४०० उष्मांक मिळतात. चौघांच्या तीन दिवसांना सव्वासात किलो, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर दोन किलोंहून कमी. ग्वाल्हेरच्या आसपासच्या सपाट चालीला हे पुरेसे आहे. हिमालयातील थंडी आणि चढ असेल तर धान्य न वाढविता तूप व शेंगदाणे वाढवावेत. कारण एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ नऊ उष्मांक देतो आणि एक ग्रॅम पीठ चारच.

आपल्या मुलखाविषयी एक इशारा मात्र द्यावाच लागेल. येथे शिदोरीहून पाण्याची चिंता मोठी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. चंबळच्या बेहडांत तापलेल्या मातीच्या भिंतींमध्ये वारा सुद्धा येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच चालण्याचा काळ मानावा. बटेश्वरला सुमारे दोनशे लहान देवळांचा समूह आहे, पुढे मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देऊळ आहे. पाहता पाहता दिवस कसा गेला ते कळत नाही आणि पाण्याची बाटली दुपारीच रिकामी होते. घामाबरोबर मीठही जाते, तेव्हा नुसते पाणी पिऊन भागत नाही. आमचूर, सैंधव, भाजलेले जिरे आणि पिठीसाखर ह्यांची कोरडी पुडी करून ठेवावी. पाण्यात घातली की पन्हे तयार. कोणास भोवळ आली किंवा जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे, आणि शुद्ध हरपत असेल तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. रात्रीचा उरलेला भात दुसऱ्या दिवशी दुपारी खाऊ नये. तो पुन्हा गरम केल्यानेही सुरक्षित होतोच असे नाही. आणि वाळलेल्या झुडपांत चूल पेटवू नये, रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात, हे सांगावयास नकोच.

हे सारे लिहावयाचे कारण आता सांगते. दशमीचे पीठ किती दुधात भिजवावे, मेतकुटात हरभऱ्याची डाळ आणि गहू कोणत्या मापाने घ्यावेत, गुळपोळीचे सारण किती कोरडे असावे, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्या आपल्या घरांतील स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. विचारले तर त्या म्हणतात, "अगं, अंदाजानं घालायचं." तो अंदाज त्यांच्याबरोबर जाईल. नकाशे आणि बूट दुकानात मिळतात. हा अंदाज कोणत्याही दुकानात मिळत नाही. पाकिटातील नूडल्स वाईट आहेत असे मी म्हणत नाही, घाईच्या वेळी ते उपयोगी पडतात. परंतु कोकणातून आणि देशावरून पायी चालत येऊन ज्यांनी हे गाव वसविले त्यांच्या नातवंडांना चार दिवसांची शिदोरी बांधता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागते.

उपाय अवघड नाही. येत्या हिवाळ्यात ज्या घरातील मुले चालावयास निघतील त्यांनी आठ दिवस आधी आजीजवळ बसावे, स्वयंपाकघरात वजनाचा काटा ठेवावा, आणि आजी अंदाजाने जे घालील ते आधी तोलून मगच भांड्यात पडू द्यावे. एका वहीत ते आकडे उतरवून घ्यावेत. पहिल्या फेरीहून परतल्यावर काय उरले, काय कमी पडले आणि काय नासले हेही त्याच वहीत लिहावे. दोन-तीन फेऱ्यांत त्या घरापुरते पक्के माप तयार होईल. दाल बाजारातून डाळ आणावयाची, ती घरी भाजावयाची, पुड्या बांधावयाच्या आणि त्यांवर वार लिहावयाचे. एवढ्या कामाला एक रविवार पुरतो.